आपल्या नद्यांतील उपेक्षित मासे



मासा म्हटला की आपल्यापुढे समुद्र उभा राहतो. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील ही नावे देशावरच्या शहरातल्या माणसालाही पाठ असतात, मग तो मासे खाणारा असो वा नसो. पण त्याच शहराच्या पुलाखालून जी नदी वाहते तिच्यात कोणते मासे आहेत असे विचारले, तर तो फार तर मरळ, वाम आणि रोहू अशी तीन नावे सांगतो. आणि त्यांतला रोहू मुळी कृष्णा-भीमेचा नव्हेच. तो गंगेकडचा, धरणांत बी सोडून इकडे आणलेला. बाकीच्या साऱ्या माशांना बाजारात 'चिल्लर' हे एकच नाव. ते वाट्याने विकले जातात, नावाने विकले जात नाहीत.

आमचे बहुतेक आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तिथे पहिला धडा मिळतो तो असा, की हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला आपला हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात. नदीतल्या माशांची गत काहीशी तशीच आहे. म्हणून आजचा विषय आम्ही दोन भागांत मांडणार आहोत : हे मासे ओळखावे कसे, आणि गळाने धरावे कसे. आमच्या सभासदांपैकी पुष्कळजण सुटीच्या दिवशी गळ घेऊन नदीवर बसतात. आमचे या विषयातले शिक्षण त्यांच्या शेजारी बसून आणि मागाहून ग्रंथालयात पुस्तके चाळून झाले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. लहान मासा म्हणजे मोठ्या माशाचे पिल्लू, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वीतभर लांबीची चालट किंवा बोटाएवढा मुरा हा पूर्ण वाढलेला, अंडी घालणारा मासा असतो. आपल्या नद्यांतले खवल्यांचे बहुतेक मासे कार्पच्या कुळातले आहेत. गोड्या पाण्यातले हे सर्वांत मोठे कूळ. त्याची खूण अशी, की जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. इंग्लंडच्या नद्यांतला चब आणि अमेरिकेच्या पूर्व भागातला फॉलफिश हे आपल्या चिल्लर माशांचे दूरचे भाऊबंद. तिकडचे हौशी गळकरीही त्यांना फारसे मोजत नाहीत. वास्तविक फॉलफिशचा नर एकेक खडा तोंडाने उचलून आणतो आणि नदीच्या तळाशी दगडांचा ढीग रचून अंड्यांची सोय करतो. एवढी मेहनत करणाऱ्याला टाकाऊ म्हणावे, हा न्याय तिकडेही चालतो तर!

आता ओळखीकडे वळू. मासा हातात आला की त्याला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : अंगावर खवले आहेत काय? नसले तर तो बहुधा शिंगटी-शिंगाळ्यांच्या जातीचा. दुसरा : मिशा किती? शिंगाळ्याला लांब मिशांच्या चार जोड्या असतात. महाशीराला आखूड अशा दोनच. तिसरा : तोंड कोणीकडे वळलेले आहे? चौथा : पाठीवरचा पर कोठे आहे, आणि त्याच्या पुढल्या बाजूला हाडासारखा काटा आहे काय? पाचवा : कल्ल्यापासून शेपटीपर्यंत कुशीवर जी बारीक छिद्रांची रेघ जाते, तिच्यावर खवले किती?

हा शेवटचा प्रश्न किचकट वाटेल, पण तोच पुष्कळदा निकाल देतो. महाशीराचे पोर आणि कोळस हे दोन्ही रुपेरी, दोन्ही अंगाने भरलेले. घाईत पाहणारा हटकून फसतो. रेघेवरचे खवले मोजा. महाशीराचे खवले मोठे, म्हणून ते पंचवीस-सव्वीसच्या आसपास भरतात. कोळसाचे चाळिसाच्या आसपास. मोजणीला दोन मिनिटे लागतात आणि वाद संपतो.

पण गळ टाकणाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रश्न तिसरा. तोंडाच्या ठेवणीवरून मासा कोठे जेवतो ते कळते, आणि तो जेथे जेवतो तेथेच गळ सोडायचा असतो. चालट, अळकूट हे पातळ, सुरीच्या पात्यासारखे मासे. त्यांचे तोंड वर वळलेले आणि पाठीवरचा पर बराच मागे. पाण्यावर पडलेला किडा ते खालून येऊन टिपतात. त्यांच्यासाठी अगदी बारीक गळ घ्यावा, त्याला मुंगी किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी कणकेची गोळी लावावी आणि तरंगाखाली वीतभरच दोरी ठेवावी. झटका हलका पण चपळ असतो. डोळा लागला की आमिष गेलेच.

ज्यांचे तोंड खाली वळलेले असते ते तळाशी चरतात. त्यांच्यासाठी दोरीला शिशाचा मणी बांधून आमिष तळाला टेकवावे. शिंगटीला गांडूळ आवडते, आणि ती दिवस मावळल्यावर अधिक फिरते. ती गळाला लागली की मात्र जपावे. तिच्या पाठीच्या आणि छातीच्या परांना कणखर काटे असतात. ओला फडका घेऊन काट्यांच्या मागून धरावे. नवख्याचा पहिला रक्ताचा थेंब बहुधा इथेच सांडतो.

मळ्याची तऱ्हा निराळी. त्याच्या तोंडाखाली एक गोल चकती असते. तिने तो वाहत्या पाण्यातल्या खडकाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. शेवाळ खाणाऱ्याला गांडुळाचे काय कौतुक! तो गळाला सहसा लागत नाही. त्याला पाहायचे तर उथळ पाण्यातला दगड हळूच उचलावा आणि खालच्या अंगाला बारीक हातजाळे धरावे. त्याच जाळ्यात अंगावर पट्टे असलेला, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्यांचा मुराही येतो. पाहून झाले की दोघांना सोडून द्यावे आणि दगड होता तसा ठेवावा. तो त्यांच्या घराचे छप्पर आहे.

या नावांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. कंपनी सरकारच्या काळात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करीत हिंडत होता. त्याने इथल्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावे देताना त्याने अनेक ठिकाणी लोकांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलले. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत दख्खनच्या महाशीराचे नाव 'खुद्री', कोळसाचे 'कोलुस', मळ्याचे 'मुल्या' असे आढळते. थुंथनीवर खोल खाच आणि पुढे मांसल गोळा असलेल्या एका माशाचे नाव 'नुक्टा' आहे. आपल्या 'नकट्या'शी ते जुळते. लंडनच्या विद्वानांनी हे शब्द मान्य केले, आणि ज्या घाटांवर ते बोलले जात होते तिथले आपण ते विसरलो. नुक्टा तर आज जगातल्या धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत जाऊन बसला आहे.

पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. अशा जुन्या याद्या हाताशी होत्या म्हणूनच मागाहून आलेल्या अभ्यासकांना मुळा-मुठेतून काय नाहीसे झाले ते सांगता आले. ज्या नदीची यादीच झालेली नाही, तिचे काय हरवले हे कोण सांगणार? कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी शिरून नदीत मासे मरतात, तेव्हा पंचनाम्यात 'मासे मेले' एवढेच लिहिले तर त्याचा अर्थ फार थोडा. कोणते मेले आणि कोणते जगले, यात सगळी साक्ष असते. मरळ पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेऊ शकते. प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही ती तग धरते. खळाळत्या पाण्याच्या मळ्याला ते जमत नाही. ज्या डोहात पूर्वी दहा जातींचे मासे लागत, तिथे आता मरळ आणि आफ्रिकेतून १९५२ साली आणलेली तिलापिया एवढीच लागत असतील, तर पाण्याचे काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. शिवाय या चिल्लर माशांवर भोई बांधवांची चूल पेटते, आणि गरिबाच्या ताटात ते काट्यासकट खाल्ले जातात म्हणून त्यातला चुनाही अंगी लागतो. नदी बिघडली की पहिली झळ याच घरांना लागते.

म्हणून धरणाराने काही पथ्ये पाळावीत. पहिल्या पावसाच्या पुराबरोबर मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. हे चढणीचे मासे पोत्याने पकडण्यात काही मर्दुमकी नाही. एका मादीबरोबर पुढची पिढी पोत्यात जाते. मरळीची जोडी लालसर पिलांचा थवा राखीत असेल तर तिथून गळ उचलावा. सुरुंगाचा बार उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी घ्यावी. महाशीर लागला तर हात ओले करून गळ सोडवावा आणि त्याला प्रवाहाकडे तोंड करून सोडावे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात लोकांनी श्रद्धेने हा मासा राखला आहे. लोणावळ्याला १९७० नंतरच्या दशकात त्याची कृत्रिम पैदास साधली. श्रद्धेने असो वा शास्त्राने, राखायचे ठरवले तर राखता येते.

आमची विनंती एवढीच, की गळाच्या पिशवीत एक वही ठेवावी. तारीख, घाट, पाणी गढूळ की निवळ, मासा कोणता, मिशा किती, खवले किती, आणि घाटावरचा म्हातारा भोई त्याला काय म्हणतो, एवढे तिच्यात लिहावे. रिकाम्या हाताने परतलात तर तेही लिहावे. दहा वर्षांनी त्या नदीच्या बाजूने कोणाला उभे राहावे लागले, तर त्याच्या हातात निदान हजेरीपट तरी असेल.