माऊसविना ध्वनिसंपादन : दृष्टिहीनांनी सॉफ्टवेअर कसे निवडावे?

बीड, प्रतिनिधी – आकाशवाणीसाठी कार्यक्रम तयार करायचा असो, गावच्या सप्ताहातील कीर्तन जतन करायचे असो किंवा परीक्षेसाठी टिपणे ध्वनिमुद्रित करायची असोत. हे काम आता घरच्या संगणकावर होऊ शकते. काम आवाजाचे असल्याने दृष्टिहीनांना ते सहज जमेल, असे कोणालाही वाटेल. मात्र सॉफ्टवेअरची निवड चुकली, तर ध्वनिमुद्रण स्वतः करूनही नको असलेला भाग कापण्यासाठी डोळस सोबत्याची वाट पाहावी लागते. उमेदवाराच्या हातचे काम आणि त्याबरोबर मिळकतही जाऊ शकते.

अडचण कोठे येते?

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या साह्याने संगणक वापरते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ही प्रणाली असते. 'जॉज' हा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी उभा केलेला 'एनव्हीडीए' मात्र मोफत आहे. त्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही वाचतो. परंतु ध्वनिसंपादनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये बटणांच्या जागी केवळ चित्रे असतात. त्यांना नाव दिलेले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसते 'बटण' एवढेच बोलतो.

दोन पर्याय

नवशिक्यांसाठी 'ऑडॅसिटी' सोयीचे आहे. २००० मध्ये खुले झालेले हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. 'आर' कळ दाबली की ध्वनिमुद्रण सुरू होते आणि स्पेसबारने ऐकता किंवा थांबवता येते. ऐकत असतानाच चौकोनी कंसाच्या दोन कळांनी नको असलेल्या भागाची सुरुवात व शेवट निश्चित करून तो डिलीट करता येतो. चूक झाल्यास कंट्रोल-झेड आहेच.

गायन व वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून त्यांचे मिश्रण करायचे असल्यास 'रीपर' अधिक उपयुक्त ठरते. त्याला 'ओसारा' हे मोफत पूरक सॉफ्टवेअर जोडले की कामाची स्थिती बोलून सांगितली जाते. ओसाराच्या निर्मितीतही जेम्स टेह यांचा पुढाकार आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे ५ हजारांहून अधिक रुपयांचा आहे.

पारख कशी करावी?

पैसे भरण्यापूर्वी मॉनिटर बंद करावा, माऊस बाजूला ठेवावा आणि एका मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे. त्यातील एक वाक्य कापून फाइल एमपी३ स्वरूपात साठवावी. यापैकी एका टप्प्यावरही दुसऱ्याची मदत लागली, तर ते सॉफ्टवेअर कितीही नामांकित असले तरी उपयोगाचे नाही. नव्या आवृत्तीत कळा बदलू शकतात. त्यामुळे हाती घेतलेले काम पूर्ण झाल्यावरच ती घ्यावी. स्क्रीन रीडरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये, यासाठी हेडफोन आवश्यक आहे.

अंबाजोगाई, परळीसारख्या गावांतील विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी दर वेळी पुण्या-मुंबईस जाणे परवडत नाही. महाविद्यालयांनी आपल्या संगणक कक्षातील एका संगणकावर एनव्हीडीए आणि ऑडॅसिटी बसवल्यास परवान्याचा एक रुपयाही खर्च येणार नाही. सुरुवात तेथूनच करता येईल.