गुडघ्यातलं पाणी आणि ‘नो ग्रोथ’

आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपशेजारी जुन्या वर्तमानपत्राची एक घडी कायम असायची. सांध्यातून काढलेलं पाणी आलं की मी काचेची नळी त्या छापील मजकुरावर धरत असे. निरोगी गुडघ्यात हे वंगण चमचाभरही नसतं. ते फिकट पिवळं आणि इतकं नितळ असतं की पलीकडची अक्षरं वाचता येतात. झिजेच्या संधिवातातही बहुतेक वेळा ती वाचता येतात. आमवातात पाणी गढूळतं, अक्षरं पुसट होतात. आणि मथळासुद्धा दिसेनासा झाला की माझे हात भराभर चालू लागत. जंतूंनी धरलेल्या सांध्यातली कूर्चा काही दिवसांतच कायमची खराब होऊ शकते.

एका जिल्ह्याच्या रुग्णालयात मी ३१ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राचं काम केलं. त्या काळात ‘नो ग्रोथ’ या दोन शब्दांनी मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. रिपोर्टवर ते दिसले की नातेवाईक खिडकीशी येऊन विचारत, “मॅडम, म्हणजे जंतू नाहीत ना?” याचं प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आम्ही आत काय करतो, ते सांगायला हवं.

पहिलं काम पेशी मोजण्याचं. निरोगी सांध्याच्या एका मायक्रोलिटर पाण्यात पांढऱ्या पेशी २०० पेक्षा कमी असतात. आमवातात त्या हजारोंनी वाढतात आणि ५०,००० च्या पुढे गेल्या की जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. पण ही काही पक्की सीमारेषा नव्हे. संसर्ग असूनही आकडा खाली राहू शकतो, आणि सांध्यात स्फटिक साठणाऱ्या गाऊटमध्ये तो जंतूंविनाही वर जाऊ शकतो. जुना आमवात असलेल्या माणसाची तर जास्तच फसगत होते. त्याच्या सांध्याला संसर्गाचा धोका इतरांपेक्षा अधिक, आणि सूज आली की तो स्वतः म्हणतो, “माझं जुनंच दुखणं उठलंय.”

मग ग्रॅम स्टेन. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमधून ही रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचपट्टीवर थेंब पसरायचा, वाळवायचा, मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं आणि शेवटी तांबडा रंग. पाचेक मिनिटांत जंतू जांभळे किंवा गुलाबी दिसतात. सांध्यात सर्वांत जास्त सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस: जांभळ्या गोल दाण्यांचे घड. अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने त्याला द्राक्षघडाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. मी तासगाव तालुक्यात द्राक्षबागांमध्ये वाढले. ते नाव मला कधी पाठ करावं लागलं नाही. मात्र संसर्ग झालेल्या सांध्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये, किंबहुना त्याहूनही जास्त वेळा, या पट्टीवर काहीच दिसत नाही.

म्हणून कल्चर, म्हणजे जंतूंना खाऊ घालून वाढवणं. रक्त मिसळलेलं ब्लड अगर, आणि तेच रक्त तापवून केलेलं, चॉकलेटी दिसतं म्हणून चॉकलेट अगर म्हणतात ते. पाणी या प्लेटांवर पसरून त्या शरीराच्या तापमानाला इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. स्टॅफिलोकॉकस दुसऱ्या दिवशी सकाळी गोल, गुळगुळीत, सोनेरी ठिपक्यांनी वर येतो. कुठलं प्रतिजैविक त्याला मारतं, हेही मग त्याच्यावरच तपासता येतं.

इथे एक रात्र मी विसरू शकत नाही. सुजलेल्या घोट्याचा एक शेतकरी दाखल झाला होता. त्याच्या पाण्यात मला युरिक अॅसिडचे सुयांसारखे स्फटिक दिसले. मी वॉर्डात फोन करून सांगितलं, “गाऊट आहे.” प्लेट लावली होती ती निव्वळ शिरस्ता म्हणून. सकाळी तिच्यावर सोनेरी ठिपके होते. स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एका वेळी राहू शकतात. त्या रात्री त्याला प्रतिजैविक मिळालं नाही, आणि ते माझ्या घाईमुळे. त्यानंतर एक कारण सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध मी कधीच थांबवला नाही.

प्लेटवर काही उगवलं नाही, तर कारणं अनेक असतात. पाणी काढण्याआधीच प्रतिजैविकाचे दोन-तीन डोस गेलेले असतात. हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं. कधी जंतू थोडे असतात, तर कधी त्यांना आमचं जेवण मानवत नाही. लहान मुलांच्या सांध्यातला किंगेला किंगी हा त्यातलाच. दक्षिण इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिलं की मुलांच्या सांध्यातलं पाणी थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं, तर प्लेटवर न उगवणारा किंगेला तिथे उगवतो. फक्त भांडं बदललं आणि ‘नो ग्रोथ’चा अर्थच बदलला.

आपल्याकडचा जुना दगाबाज म्हणजे क्षयाचा जंतू. इतर बरेच जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात; याला पंधरा-वीस तास लागतात. दोन दिवसांनी प्लेट टाकून दिली, तर तो दिसणार कसा? मनगट सुजलेली एक बाई मला आठवते. बांगड्या चढेनात म्हणून तिने त्या रुमालात बांधून ठेवल्या होत्या. वर्षभर संधिवाताच्या गोळ्या चालल्या होत्या, आणि मनगटातल्या पाण्याचा रिपोर्ट दोनदा ‘नो ग्रोथ’ आला होता. शेवटी सांध्याच्या अस्तराचा तुकडा आला. क्षयाचा जंतू पाण्यापेक्षा त्या तुकड्यात सापडण्याची शक्यता अधिक असते. अंडी घालून केलेल्या हिरव्या माध्यमावर सहाव्या आठवड्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत दाणे उगवले. औषधांनी ती बरी झाली, पण मनगट पूर्ण वळलं नाही. तो तुकडा वर्षभर आधी यायला हवा होता, हे मला आजही बोचतं. आता जीनएक्स्पर्ट यंत्र दोन तासांत क्षयाच्या जंतूचा डीएनए आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला तो दाद देईल की नाही, दोन्ही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०१० साली मान्यता दिली.

या यंत्राच्या पोटात पीसीआर आहे. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या या युक्तीत डीएनएचा एक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो; ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. जंतू जिवंत असण्याची, त्याने जेवण्याची गरजच नाही. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावी १९७५ च्या सुमारास मुलांचे गुडघे सुजू लागले. त्यामागचा गोचिडीतून येणारा बोरेलिया जंतू गुडघ्यातल्या पाण्यातून वाढवणं जवळजवळ अशक्य, पण पीसीआरने त्याचा माग तिथेच लागला.

तरी यंत्राचा शब्द अखेरचा मानू नये. मेलेल्या जंतूचा डीएनएही उरतो, आणि सुईबरोबर कातडीवरचा पाहुणा जंतूही आत येतो. आजच्या कृत्रिम गुडघ्यांचा पेच तर आणखी वेगळा. तिथे जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती चिकट थर विणतात. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की काढलेला कृत्रिम सांधा ध्वनिलहरींनी हलवून तो थर सुटा केला, तर कल्चरमध्ये जंतू अधिक वेळा सापडतात. काही मंद जंतूंसाठी प्लेट १४ दिवस राखावी लागते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ‘नो ग्रोथ’ एवढंच लिहिणं बंद केलं. मी लिहायची: ‘४८ तासांत साध्या माध्यमावर वाढ नाही. नमुना प्रतिजैविक सुरू झाल्यावर घेतलेला. क्षयाची तपासणी चालू.’ घरातल्या कुणाचा सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तब्येत फारच खालावलेली नसेल, तर पहिल्या डोसआधी पाणी काढता येईल का, हे विचारा. रिपोर्ट हाती आला की नमुना किती दिवस ठेवला आणि क्षयासाठी पाहिला का, तेही विचारा. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. लॅबमधल्या माणसाला तो प्रश्न आवडतो.

आणि खिडकीशी कुणी “म्हणजे जंतू नाहीत ना?” म्हटलं, तर माझं उत्तर ठरलेलं होतं: “अजून सापडले नाहीत. परवा या, मी प्लेट टाकलेली नाही.”