सकाळी जाऊन संध्याकाळी परत

आमच्या पोलादपुरात 'फिरायला जाणे' या शब्दांना फार मोठा अर्थ कधीच नव्हता. रजा काढून, बोचकी बांधून आठ-आठ दिवस हिंडण्याची ऐपत मोजक्या घरांची. बाकीच्यांसाठी होता आंबेनळी घाट. रविवारी सकाळी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घ्यायची, स्टँडवर महाबळेश्वरची एस. टी. पकडायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे. खर्च तिकिटाचा आणि फार तर वरच्या बाजारातल्या चण्यांचा. पण त्या एका दिवसावर पुढे दोन महिने गप्पा चालत.

पोलादपूरहून महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर. एवढ्या अंतरात माणूस कोकणातून देशावर पोचतो. खाली घामाच्या धारा आणि वर अंगात स्वेटर! लांबचे पाहुणे घाट संपण्याची वाट पाहतात. आमची सहल पहिल्या वळणालाच सुरू होई. वैशाखात करवंदांच्या जाळ्या, श्रावणात कड्याकड्यावरून पांढरे ओहोळ, दिवाळीनंतर कोवळ्या उन्हात पिवळे पडलेले गवत. वडील वाटेत इतिहास सांगत. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आमच्याच तालुक्यातले, 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढे. मग वाडा कुंभरोशीला उतरून प्रतापगड. १६५६ साली उभा राहिलेला हा गड. तिथला महाराजांचा अश्वारूढ पुतळा पंडित नेहरूंच्या हस्ते १९५७ साली उघडला गेला. आई मात्र थेट भवानीच्या देवळात जाई, ओटी भरी आणि बाहेर येऊन आधी डबा उघडी.

पुढे घरात गाडी आली, मुले झाली, तरी सहलीचा हा शिरस्ता मोडला नाही. तो मोडला २०१८ साली.

२८ जुलै २०१८. तो शनिवार होता. दापोलीहून महाबळेश्वरला सहलीसाठी निघालेल्या सहकाऱ्यांची बस आंबेनळीच्या खोल दरीत कोसळली आणि तीस जण गेले. आमच्या भागातले तरुण आणि गिर्यारोहक दोर लावून भर पावसात दरीत उतरले. ती माणसेही आमच्यासारखीच, एका दिवसाची मौज करायला निघालेली. त्यांच्याही पिशव्यांत कुणी घरून काही करून दिले असेल, हा विचार मनातून जाईना.

तीन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, आभाळच फाटले. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथे उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. वरचे पाणी खाली यायला कितीसा वेळ? महाड पाण्यात गेले. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आमच्या तालुक्यात सुतारवाडी आणि केवनाळे इथेही घरे गाडली गेली. आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला, वाहतूक बंद पडली. पुढे रस्ता दुरुस्त होऊन गाड्या सुरू झाल्या, पण मी काही घाटाकडे वळलो नाही. मुलीने विचारले की काही ना काही कारण सांगायचे.

अखेर कोंडी फोडली ती आईने. एका कार्तिकात ती म्हणाली, "अरे, भवानीची ओटी राहिलीय किती वर्षांची! कधी नेतोस?"

"आई, त्या घाटात जायला मन होत नाही गं."

"माहेरी एकदा वाईट घडलं म्हणून बाई माहेर तोडते का? जपून जायचं, पण जायचं."

मी निरुत्तर झालो. दुसऱ्या रविवारी निघालो. पावसाने कापलेल्या डोंगरांवरचे लाल ओरखडे अजून दिसत होते. एका रुंद जागी गाडी थांबवली. आईने दरीकडे पाहून हात जोडले, बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "ती खाली दिसते ना, ती आपली सावित्री." मुलीच्या नदीच्या ओळखीत पूर आणि दरडच नको, एवढेच तिच्या मनात असावे.

आता पुन्हा जातो, पण घाटाची रीत पाळून. आषाढात, मुसळधार पावसात जायचे नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर सहल रद्द, त्यात कमीपणा नाही. धबधब्याखाली आणि सुटलेल्या दरडीखाली गाडी उभी करायची नाही. वळणावर हॉर्न, चढत्या गाडीला वाट आणि अंधार पडायच्या आत घरी. आमचे वाडवडील हे सगळे न लिहिता पाळत. भात लावणीच्या दिवसांत त्यांना सहलीची आठवण होत नसे, यात शेतीइतकाच शहाणपणाही असावा.

परवा प्रतापगडाच्या पायऱ्यांवर मुलीने भाकरीचा तुकडा मोडत विचारले, "बाबा, पुढच्या वेळी कधी?" आई माझ्याकडे बघून हसली. मी म्हटले, "पाऊस संपू दे. मग बघू."

कितीतरी वर्षांनी माझ्या उत्तरात सबब नव्हती.