वाट आणि वाहन (भाग 6): नेकनूरहून निघणारा प्रवासी

विमान, रेल्वे, एसटी आणि मोटार यांपैकी कोणते वाहन निवडावे, याची चर्चा बहुधा वेगापासून सुरू होते; परंतु वाहनात बसण्यापूर्वी आणि त्यातून उतरल्यानंतर प्रवाशाला जे अंतर कापावे लागते, ते हिशेबात धरल्याशिवाय वेगाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. महानगरात हे अंतर सहज नजरेआड होते. बीड तालुक्यातील नेकनूर येथे ते होत नाही, कारण मांजरसुंबा ते केज या रस्त्यावरच्या या बाजाराच्या गावात रेल्वे स्थानक नाही आणि नियमित उड्डाणांचा विमानतळही जवळ नाही. म्हणून प्रस्तुत भागात निवडीचा विचार याच गावाच्या अंगाने केला आहे.

वाहतुकीच्या अर्थशास्त्रात ‘एकूण प्रवासमूल्य’ अशी एक कल्पना वापरली जाते. तिकिटाचे पैसे, प्रवासात गेलेल्या वेळेची पैशांत धरलेली किंमत आणि गाडी बदलण्याचा त्रास या तिन्हींची बेरीज म्हणजे हे मूल्य होय. यात सगळे तास सारख्या किमतीचे धरले जात नाहीत: फाट्यावर गाडीची वाट पाहण्यात गेलेला तास चालत्या गाडीतील तासापेक्षा महाग मानला जातो, तर झोपेत सरलेला तास जवळजवळ फुकट पडतो. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे रात्रीच्या एसटीला आणि खासगी ट्रॅव्हल्सला जी गर्दी असते, तिचे कारण बऱ्याच अंशी येथे सापडते. दिवसाची मजुरी बुडत नाही, मुक्कामाचा खर्च वाचतो आणि सकाळी कचेरी किंवा दवाखाना उघडण्याच्या वेळेस माणूस मुक्कामी पोहोचलेला असतो.

रेल्वेच्या बाबतीत बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग दीर्घकाळ दोन मार्गांच्या मध्ये राहिला. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–मनमाड मार्ग 1900 साली पूर्ण झाला, तो परभणी आणि जालन्यावरून, म्हणजे बीडच्या उत्तरेकडून गेला. दक्षिणेकडे बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी 1911 मध्ये लातूरला पोहोचली. परळी वैजनाथ रेल्वेच्या जाळ्यात आले, तरी खुद्द बीड शहर मात्र बाहेरच राहिले. 261 किलोमीटर लांबीच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला 1995 च्या सुमारास मंजुरी मिळाली; आष्टीपर्यंत प्रवासी गाडी यायला सप्टेंबर 2022 उजाडला आणि बीडची पहिली गाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुटली. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेल्या गाडीचे अप्रूप समजण्यासारखे आहे. तथापि सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार बीड ते अहिल्यानगर या सुमारे 166 किलोमीटरसाठी साडेपाच तासांच्या आसपास वेळ लागत होता, म्हणजे सरासरी वेग ताशी तीस किलोमीटर पडतो. नेकनूरकराला आधी बीड गाठावे लागते आणि पुण्याला जायचे तर अहिल्यानगरला पुन्हा गाडी बदलावी लागते. तेथून रेल्वेची वाट दौंडवरून वळसा घेते, रस्ता मात्र शिरूरमार्गे सरळ जातो. रेल्वेचे तिकीट सर्वांत स्वस्त असूनही एकूण प्रवासमूल्यात ती मागे पडते, ते या दोन बदलांमुळे.

उरतात एसटी आणि मोटार, आणि खरी चुरस याच दोघींत आहे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. जानेवारी 2025 च्या दरवाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्याला 10.05 रुपये झाला. पुणे अडीचशे किलोमीटर धरल्यास 42 टप्पे होतात आणि किरकोळ अधिभार सोडून तिकीट सुमारे 422 रुपये पडते. दुसरीकडे लिटरला सोळा किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी साडेपंधरा लिटरहून थोडे अधिक इंधन लागते. पेट्रोल 105 रुपये लिटर मानले तर हा खर्च सुमारे 1,640 रुपये येतो आणि चौघांत वाटल्यास माणशी 410 रुपये होतो. वरवर पाहता दोन्ही वाहने समसमान ठरतात, पण एसटीतील सवलती हे समीकरण मोडतात. मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील प्रवाशांना भाडे नाही. त्यामुळे नवरा, बायको आणि ऐंशीची आई अशा कुटुंबाचा एसटीखर्च 633 रुपयांवर थांबतो. शिवाय मोटारीचा हिशेब मांडताना बहुतेक लोक केवळ इंधन मोजतात, आणि टायरांची झीज, विमा, कर्जाचा हप्ता व दरवर्षी घटणारी गाडीची किंमत सोयीस्करपणे विसरतात. एवढे असूनही अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अवघडलेल्या रुग्णाला न्यायचे असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला पडून मोटारच योग्य ठरते.

विमानाचा विचार थोडक्यात आटोपता येतो. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ नेकनूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथवरचे तीन-साडेतीन तास आणि उड्डाणापूर्वीची हजेरी धरली, तर मुंबईसाठी तासाभराच्या उड्डाणामागे उभा दिवस मोडतो आणि रात्रीची बस सरस ठरते. दिल्लीला मात्र संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेसने जवळपास पूर्ण अहोरात्र लागते, म्हणून तेथे विमानाच्या जादा पैशांचे काही मोल मिळते.

येथवर गृहीत धरलेला प्रवासी तिकीट काढणारा आणि हाती एक-दोन पिशव्या असलेला होता. बीड जिल्ह्यातून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणारी ऊसतोड कुटुंबे या चौकटीत बसत नाहीत. भांडीकुंडी, धान्य, लेकरे, शेळ्या-कोंबड्या असा संसार बरोबर असतो. उचल घेतलेली असल्यामुळे निघण्याचा दिवस आणि ट्रक वा ट्रॅक्टर हे बहुधा मुकादमाच्या हाती असतात. परतीचा दिवसही कारखान्याचा पट्टा कधी पडतो, म्हणजे हंगामाचे गाळप कधी संपते, यावर ठरत असल्याने रेल्वे आणि विमान ज्या आगाऊ आरक्षणावर चालतात, ते या कुटुंबांना करताच येत नाही. माणूस आणि सामान यांची एकत्र वाहतूक हा स्वतंत्र विषय असून तो पुढील भागात घेतला जाईल.