परदेशांतील बिऱ्हाड आणि घरमालकाची सही

परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलामुलींची तयारी म्हणजे गरम कपडे, लोणच्याची बरणी आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. तींत एका कागदाची भर घालावी, अशी आमची सूचना आहे.

जर्मनींत नव्या जागेंत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत तेथील नोंदणी-कचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो. १ नोव्हेंबर २०१५ पासून अमलांत असलेल्या कायद्याप्रमाणें त्यासाठीं घरमालकाचा दाखला लागतो. केवळ भाड्याचा करार दाखवून भागत नाहीं. हा नियम परक्यांपुरताच नव्हे. जर्मन नागरिकही त्यांतून सुटलेला नाहीं. परंतु परक्याचें त्यावांचून अधिक अडतें. वास्तव्याचा परवाना, कराचा क्रमांक, पुष्कळदां बँकेंतील खातेंही, सारें या नोंदीवर अवलंबून असतें.

मोठ्या शहरांत जागांची टंचाई आहे. तेथें ‘खोली स्वस्तांत देतों, पण नोंद करूं नका’ असें सांगणारेही भेटतात. चार पैसे वांचले म्हणून मुलगा हुरळतो, आणि कचेरींत मात्र बेपत्ता ठरतो! स्नेह्याचा पत्ता उसना घेणें हाही मार्ग नव्हे. कोणी राहत नसतां नोंदीपुरता पत्ता देणाऱ्यास ५०,००० युरोपर्यंत दंड होऊं शकतो.

म्हणून मुलाचा फोन येतांच, भाडें किती हें विचारण्यापूर्वीं, ‘मालक सही देणार ना?’ हें विचारावें. उत्तर नकाराचें असल्यास अनामत म्हणून एक छदामही देऊं नये.