धावफलकावर न दिसणारी रेषा

सांस्कृतिक वैविध्य हा विषय शाळेत शिकवायचा म्हटला की सण, पेहराव आणि पक्वान्ने यांचे प्रदर्शन मांडून मोकळे होण्याचा मोह शिक्षकांना सहज होतो. आणि असे प्रदर्शन कितीही चित्ताकर्षक असले तरी, एकाच देशात नांदणाऱ्या लोकसमूहांनी परस्परांशी कसा व्यवहार केला, कोणी कोणाला कोठे मज्जाव केला आणि तो पुढे कसा उठला, या प्रश्नांना त्यात स्थान मिळत नाही. अमेरिकेतील काही शिक्षकांनी या उणिवेवर योजलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. ते इतिहासाच्या आणि गणिताच्या तासाला बेसबॉल शिकवतात. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथील बेसबॉल-संग्रहालयाने शाळांसाठी पाठांचे साहित्य सिद्ध केले आहे, आणि कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांच्या कन्या शॅरन रॉबिन्सन यांनी १९९७ साली सुरू केलेल्या उपक्रमात मुले आपल्यापुढे आलेल्या अडथळ्याची व त्याला कसे तोंड दिले याची हकीगत निबंधरूपाने लिहितात.

या खेळातील वर्णभेद अनादी नव्हता, हे प्रथम दाखवावे लागते. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून सर्वोच्च श्रेणीचे सामने खेळले होते. त्यानंतर संघमालकांनी कृष्णवर्णीयांना संघात न घेण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याचे त्या श्रेणीच्या नियमावलीत एक कलमही नव्हते. तरी तो सुमारे साठ वर्षे पाळला गेला. लेखी हुकूम नसताना निर्बंध चालतो कसा, आणि तो चालवणारे कोण असतात, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलापुढेही ठेवता येतो.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर जॅकी रॉबिन्सन डॉजर्स संघाकडून उतरले आणि तो शिरस्ता मोडला. त्या सामन्याचा धावफलक हाती घेतला असता प्रथम विरसच होतो: रॉबिन्सन यांच्या नावापुढे एकही यशस्वी टोला नाही, सातव्या डावात प्रतिपक्षाच्या चुकीमुळे ते बेसवर पोहोचले, सहकाऱ्याच्या टोल्यावर त्यांनी आघाडीची धाव पुरी केली, आणि डॉजर्सनी बोस्टनला ५-३ असे हरवले, एवढेच त्यात दिसते. या कागदात काय नोंदले गेले नाही, असे विचारले की खरा पाठ सुरू होतो. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी सामना चालू असता वर्णावरून केलेली शिवीगाळ. डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांना दिलेल्या वचनानुसार रॉबिन्सन यांनी तिच्यापुढे धरलेला संयम. आणि हेच रॉबिन्सन १९४४ साली सैन्यात अधिकारी असताना, बसमध्ये मागे जाऊन बसण्याचा हुकूम नाकारून लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले व निर्दोष सुटले, ही पूर्वपीठिका. ज्याला प्रतिकार ठाऊक नाही त्याचे मौन आणि ज्याने तो एकदा करून दाखवला आहे त्याचे मौन यांतील अंतर मग मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

पोर्टो रिकोचे बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंते यांची कथा एका पुठ्ठ्याच्या तुकड्यातून सांगता येते. मुले हौसेने जमवीत त्या खेळाडूंच्या चित्रपत्रांवर वर्षानुवर्षे त्यांचे नाव ‘बॉब’ असे छापले जाई, आणि वृत्तपत्रे त्यांचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे उतरवून वाचकांना हसवीत. पुरते ३००० यशस्वी टोले नावावर असलेला हा पुरुष ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणाऱ्या विमानाच्या अपघातात मरण पावला.

१९४२ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते, घरदार सोडून छावण्यांत कैदेत राहावे लागले. त्यांचे बेसबॉलशी नाते जुने होते. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोत हा खेळ आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला होता. ॲरिझोनातील गिला रिव्हर छावणीत केनिची झेनिमुरा यांनी वाळवंटातील झुडपे उपटून मैदान तयार केले, त्याला पाटाचे पाणी दिले, आणि कडेला कुंपण म्हणून एरंड लावला. एरंडाच्या या कुंपणापाशी मी नेहमी थबकतो: छावणीच्या कैदेत राहणाऱ्या माणसाने स्वतः आखलेली ती अशी एक हद्द होती की जिच्यापलीकडे चेंडू गेला तर सर्वांना आनंद व्हावा.

तरीही हा अभ्यासक्रम थोरांच्या गौरवापाशी थांबू नये. १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे कृष्णवर्णीयांची स्वतंत्र साखळी स्थापन झाली होती. डॉजर्सनी रॉबिन्सन यांना तेथील मोनार्क्स संघातून उचलले तेव्हा त्या संघाला काहीच मोबदला मिळाला नाही. न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी या रीतीविरुद्ध उघड तक्रार केली, आणि उत्तम खेळाडू व प्रेक्षक दोन्ही निघून गेल्यावर ते संघ एकामागून एक बुडाले. न्याय मिळताना त्याची किंमत कोणी भरली, हे मुलांना कळलेच पाहिजे.

२०२४ साली त्या संघांची आकडेवारी सर्वोच्च श्रेणीच्या दफ्तरात दाखल झाली, आणि जॉश गिब्सन यांची सरासरी ०.३७२, म्हणजे हजार संधींमागे ३७२ यशस्वी टोले, टाय कॉब यांच्या ०.३६७ च्या वर जाऊन बसली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारले. रॉबिन्सन यांचा तो पहिला सामना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कृष्णवर्णीयांच्या साखळीत अधिकृत सामने पुष्कळ कमी होत. मग ही तुलना न्याय्य आहे काय, आणि ते कमी का होत, यावर गणिताच्या तासाला वाद घालता येतो, व दोन्ही पक्षांना आकड्यांचा आधार सापडतो.