ली नाच्या कमाईचा हिशेब

आज आम्ही तुम्हाला चीनमधल्या ली ना नावाच्या टेनिसपटूविषयी सांगणार आहोत. टेनिसचं आणि आपलं काय नातं, असं काहीजणींच्या मनात येईल. आपल्या बहुतेक गावांत टेनिसचं मैदान नाही, आणि टीव्हीवर सामना लागला तरी आपण चॅनेल बदलतो. पण या बाईच्या कमाईतल्या दर शंभरातले पासष्ट कित्येक वर्षं दुसऱ्याच्या हातात जात होते. ते का जात होते, कसे थांबले आणि थांबल्यावर काय झालं, हे ऐकण्यासारखं आहे.

आधी नावाचं सांगतो. चीनमध्ये आडनाव पहिलं येतं. म्हणजे ‘ली’ हे आडनाव आणि ‘ना’ हे नाव. तिथे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे लग्न होऊनही ती ली नाच राहिली.

तिचा जन्म २६ फेब्रुवारी १९८२चा, वूहान शहरातला. यांग्त्से नदीकाठचं हे मोठं शहर कोरोनाच्या वेळी आपल्या सगळ्यांच्या कानावर आलं, पण त्याच्या कितीतरी आधी टेनिसवाल्यांना ते ली नामुळे माहीत होतं. वडील बॅडमिंटन खेळायचे. लहानपणी तिच्या हातातही बॅडमिंटनचीच रॅकेट होती. मग एका टेनिसच्या प्रशिक्षकानं तिचे रुंद खांदे पाहिले आणि ही मुलगी टेनिसला बरी असं ठरवलं. आईवडील हो म्हणाले. पुढे ली नानं सांगितलं की सगळ्यांनी मिळून ठरवलं, फक्त मला कोणी विचारलं नाही. तेव्हा ती आठेक वर्षांची होती.

आता तिथली पद्धत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चीनमध्ये खेळाची सरकारी शाळा असते. लहान वयात मुलं निवडतात. राहणं, जेवण, प्रशिक्षण, प्रवास, सगळा खर्च सरकारचा. शाळेतून प्रांताचा संघ, प्रांताकडून राष्ट्रीय संघ अशी चढण. त्या बदल्यात कुठे खेळायचं, कोणाबरोबर खेळायचं, कोणाकडून शिकायचं हे सगळं संघाचे अधिकारी ठरवणार. आणि खेळाडूनं बक्षीस मिळवलं की त्यातला मोठा वाटा संघाकडे जमा. टेनिसमध्ये हा वाटा ६५ टक्के होता.

यात सगळं वाईटच होतं असं आम्ही म्हणणार नाही. वूहानच्या साध्या घरातल्या मुलीला कोण विमानानं परदेशी नेणार होतं? टेनिस हा महागडा खेळ आहे. सरकारनं खर्च केला नसता तर ली ना हे नाव आपल्याला कळलंच नसतं. पण त्याची किंमत तिनं काय मोजली तेही पाहायला हवं. तिच्या प्रशिक्षक यू लीच्याओ या बाई फार कडक होत्या. त्यांच्या हाताखाली ली ना नऊ वर्षं शिकली आणि त्या नऊ वर्षांत एकदाही कौतुकाचा शब्द मिळाला नाही, असं ती सांगते. चौदा वर्षांची असताना वडील हृदयाच्या आजारानं गेले. ती तेव्हा स्पर्धेसाठी बाहेरगावी होती. स्पर्धा संपेपर्यंत तिला कळवलंच नाही. पोरीचा खेळ बिघडू नये म्हणून बापाचं जाणंही तिच्यापासून लपवलं गेलं. मोठ्यांनी हे चांगल्या हेतूनं केलं असेल, पण त्या लेकराचं काय झालं असेल याचा विचार आपण आया म्हणून करू शकतो.

१९९९ साली ती व्यावसायिक खेळाडू झाली. आणि २००२च्या शेवटी, विशीत, खेळ सोडून निघून गेली. राजीनाम्याचं पत्र वसतिगृहाच्या खोलीत ठेवलं आणि गेली. कारणं एकाहून अधिक होती. संघातल्याच जियांग शान या मुलावर तिचं प्रेम होतं, ते वरच्यांना पसंत नव्हतं. शिवाय पुढे आत्मचरित्रात तिनं लिहिलं की पाळीच्या वेळी तिला फार त्रास व्हायचा, तरी औषधं घेऊन खेळत राहा असा आग्रह होता आणि ती औषधं तिच्या अंगाला मानवत नव्हती. ‘अंगावर काढणं’ हा शब्द आपल्याला नवा नाही. पण हिनं अंगावर काढलं नाही, आणि हे उघडपणे लिहिलंही. आम्हाला तिच्या पुढच्या कपांपेक्षा या गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं.

मग ती वूहानच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेली. जियांग शानही तिथेच शिकत होता. टेनिसची रॅकेट बाजूला पडली.

२००४ साली चीनच्या टेनिसचा कारभार सुन जिनफांग या बाईंकडे होता. त्या स्वतः व्हॉलीबॉलच्या नावाजलेल्या खेळाडू. त्यांनी ली नाला गाठलं आणि परत ये, यावेळी स्वतःसाठी खेळ असं सांगितलं. ती आली. त्याच वर्षी ग्वांगझू शहरातली स्पर्धा तिनं जिंकली. महिलांच्या जागतिक मालिकेतली एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली चिनी बाई. २००६ला इंग्लंडच्या विम्बल्डन स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचली, तेही कोणत्याही चिनी खेळाडूला आधी जमलं नव्हतं. त्याच वर्षी जियांग शानशी लग्न झालं. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिला चौथा क्रमांक मिळाला. तिथे तिच्याच देशाचे प्रेक्षक मोठमोठ्यानं सूचना करत होते, तेव्हा भर मैदानात ती त्यांच्यावर ‘गप्प बसा’ म्हणून ओरडली होती. त्यावर पुष्कळ टीका झाली.

ऑलिम्पिकनंतर मुख्य वळण आलं. ली ना, झेंग जिए, यान झी आणि पेंग श्वाय या चार बायांना सरकारी व्यवस्थेबाहेर पडून खेळायची मोकळीक मिळाली. चिनी भाषेत याला ‘एकटीनं उडणं’ अशा अर्थाचा शब्द आहे. आता त्यांनी ६५ऐवजी फक्त ८ ते १२ टक्के द्यायचे होते. प्रशिक्षक आपला आपण निवडायचा, वेळापत्रक आपलं आपण ठरवायचं.

गटाची वही लिहिणाऱ्या तायांनी इथे पेन हातात घ्यावा. बक्षिसाचे शंभर रुपये मिळाले असं धरू. आधी हातात ३५ राहायचे, पण प्रशिक्षकाचा पगार, विमानाचं तिकीट, हॉटेल, डॉक्टर, सगळं सरकार बघायचं. आता हातात ८८ ते ९२ राहणार, पण हा सगळा खर्च त्यातून. टेनिसमध्ये ठरलेला पगार नसतो. जितक्या फेऱ्या जिंकाल तितकी बक्षिसाची रक्कम वाढते, लवकर हरलात तर थोडक्यात आटोपलं. दुखापत होऊन घरी बसलात तर आवक थांबते, आणि उपचारांचा खर्च मात्र सुरू होतो. म्हणजे वाटा वाढला आणि जोखीमही सगळी तिच्या पदरात आली. शेळीपालन करणाऱ्या आपल्या तायांना हे वेगळं सांगायला नको. शेळी आपली तर दूध आपलं, आणि शेळी मेली तर तोटाही आपलाच.

ली नाच्या बाबतीत तर गुडघा आधीच दुखरा होता. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि २००९ साली आणखी एक झाली. तरी त्या वर्षी ती अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठांत गेली. २०१०च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात उपांत्य फेरी, आणि जगातल्या पहिल्या दहांत नाव. चीनमधून तिथवर आधी कोणी पोहोचलं नव्हतं.

टेनिसमध्ये वर्षाला चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धा असतात, त्यांना ग्रँड स्लॅम म्हणतात. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका. २०११ला ऑस्ट्रेलियात ती अंतिम फेरीत गेली आणि बेल्जियमच्या किम क्लाइस्टर्सकडून हरली. त्याआधी उपांत्य सामना जिंकल्यावर तिला विचारलं होतं की पिछाडीवर असताना जोर कुठून आला. ती म्हणाली, बक्षिसाच्या पैशातून! सगळं मैदान हसलं. आम्हाला वाटतं, कमाईसाठी मेहनत करते असं चारचौघांत सरळ सांगणारी बाई क्वचितच दिसते. आपल्याकडेही बाई सांगते, घरासाठी करते, लेकरांसाठी करते. ते खरंच असतं. पण स्वतःच्या कमाईचा आनंद बोलून दाखवायला आपली जीभ अडखळते.

तोवर प्रशिक्षक होता नवराच. हार सुरू झाली तेव्हा तिनं त्याला बाजूला केलं आणि डेन्मार्कच्या मायकेल मॉर्टेन्सन यांना घेतलं. घरात काय बोलणं झालं असेल देव जाणे, पण संसार टिकला आणि नवरा तिच्याबरोबर स्पर्धांना फिरत राहिला. सामन्यानंतरच्या भाषणात ती त्याच्या घोरण्यावर विनोद करायची, आणि तोही हसायचा.

४ जून २०११. पॅरिसची फ्रेंच स्पर्धा. तिथलं मैदान लाल असतं, वर विटांचा बारीक चुरा पसरलेला असतो. चेंडू त्यावर संथ होऊन उंच उडतो, म्हणून लांब लांब झुंजावं लागतं आणि दमही लागतो. समोर इटलीची फ्रान्चेस्का स्कियाव्होने, आदल्या वर्षीची विजेती. ली नानं पहिला सेट ६-४ घेतला. दुसरा ६-६ असा बरोबरीत आला. अशा वेळी निर्णयासाठी सात गुणांचा छोटा डाव खेळतात. त्यात ली नाचे सात गुण झाले आणि समोरचीचा एकही नाही. आशियातल्या देशाकडून खेळून एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली ठरली, पुरुषांतही तोवर कोणी नव्हतं. चीनमध्ये अकरा कोटींहून अधिक लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिल्याचं तेव्हा छापून आलं. बक्षीस होतं १२ लाख युरो. मोठमोठ्या कंपन्या जाहिरातीसाठी दारात आल्या आणि ती कमाई बक्षिसांच्याही पुढे गेली.

पुढचं वर्षभर मात्र ती बरेचदा लवकर हरली. २०१२च्या ऑगस्टमध्ये तिनं अर्जेंटिनाचे कार्लोस रॉड्रिगेझ यांना प्रशिक्षक नेमलं. त्यांनी सराव इतका कडक केला की पुन्हा शाळेत आल्यासारखं झालं असेल, फरक इतकाच की यावेळी गुरू तिनं निवडला होता आणि त्याचा पगारही तीच देत होती. २०१३ला ऑस्ट्रेलियाच्या अंतिम सामन्यात दोनदा पाय मुरगळला, एकदा डोकं जमिनीवर आपटलं, आणि ती हरली. २०१४ला त्याच मैदानावर तिसऱ्या फेरीत तर ती एका गुणानं घरी जाता जाता वाचली, आणि पुढे अंतिम सामन्यात स्लोव्हाकियाच्या डॉमिनिका सिबुल्कोव्हाला ७-६, ६-० असं हरवून जिंकली. वय बत्तिशीला आलेलं. भाषणात तिनं आधी एजंटचे आभार मानले, मला श्रीमंत केल्याबद्दल! मग नवऱ्याला म्हणाली, तू चांगला माणूस आहेस, आणि नशीबवानही, कारण तुला मी मिळाले. त्यानंतर ती जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली.

जिंकून वूहानला उतरली तेव्हा तिच्या हूबेई प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ८ लाख युआनचं बक्षीस तिच्या हाती दिलं. फोटोत बाकीचे हसत होते, ली नाचा चेहरा कोरडा. त्या फोटोवरून चीनमध्ये मोठा वाद झाला. काही म्हणाले, उपकाराची जाण नाही. काही म्हणाले, लोकांच्या कराचा पैसा आधीच श्रीमंत असलेल्या खेळाडूला का द्यायचा? ज्यांनी वाढवलं त्यांचा वाटा किती आणि किती दिवस, हा वाद पैशाचा आकडा बदलला तरी मिटला नव्हता. आमचं मत विचाराल तर ६५ टक्के जास्तच होते, पण शून्य म्हणणंही न्यायाचं झालं नसतं. ८ ते १२ हा आकडा आम्हाला पटतो. कोणाला पटत नसेल तर गटाच्या बैठकीत जरूर बोला.

त्याच सप्टेंबरमध्ये तिनं खेळ थांबवला. उजव्या गुडघ्याच्या तीन आणि डाव्याची एक, अशा चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि गुडघे आता ऐकत नव्हते. त्याच महिन्यात वूहानमध्ये महिलांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा भरली, तिच्याच गावात, पण ती खेळू शकली नाही. पुढच्या वर्षी मुलगी झाली, नंतर मुलगा. २०१९ साली अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय टेनिसच्या मानाच्या यादीत तिचं नाव गेलं, तिथेही आशियातली ती पहिलीच.

हूबेई प्रांतातलीच झेंग चिनवेन नावाची मुलगी २०१४चा तो ऑस्ट्रेलियातला सामना टीव्हीवर पाहत होती, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तीही वूहानला शिकली, आणि काही वर्षं त्याच यू लीच्याओ बाईंच्या हाताखाली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्णपदक तिनं जिंकलं. त्या ऑलिम्पिकचं टेनिसही ली ना जिंकली त्याच विटांच्या चुऱ्याच्या लाल मैदानांवर झालं होतं.